अपुऱ्या दिवसांचा श्वास

आमच्या लहानपणी, १९५८ च्या पावसाळ्यात, आमची आक्का पहिल्या बाळंतपणासाठी इटारसीस माहेरी आली होती. वडील रेल्वेच्या नोकरीत. घर म्हणजे स्टेशनामागच्या क्वार्टरांतील दोन खोल्या आणि एक पडवी. दिवस भरण्यास सहा आठवडे अवकाश असतानाच आक्काला कळा लागल्या आणि पहाटे तिला मुलगा झाला. मूल लहानसे होते, पण रडले. आजीने त्याला कापसात गुंडाळले, शेगडी जवळ ओढली आणि दाराला पडदा लावला. दुपारपासून ते कण्हू लागले. प्रत्येक श्वासागणिक एक बारीक हुंकार येई, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाई, इवल्याशा नाकपुड्या फुलत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हुंकार थांबला. "आठव्या महिन्याचे होते. सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही," एवढेच आजी म्हणाली, आणि त्यानंतर आमच्या घरात त्या मुलाचा विषय कोणी काढला नाही.

आजीचा हा समज केवळ आपल्या माजघरातला नव्हे. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत आठव्या महिन्याच्या मुलावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे आणि त्यातही हेच सांगितले आहे. समज इतका जुना व इतका दूरवर पसरलेला असला, तरी तो खरा नाही. गर्भात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा मुलाच्या पथ्यावरच पडतो. आठव्या महिन्याची मुले सातव्यापेक्षा पुष्कळ अधिक जगतात. मग आक्काचे मूल का गेले? पुढे नोकरीत असताना बदल्यांच्या गावी जी वाचनालये मिळाली, त्यांत ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तुकड्यातुकड्यांनी शोधीत राहिलो. उत्तर सापडले तेव्हा त्याहून विलक्षण वाटला तो त्या उत्तराचा इतिहास. आयुष्य फायलींच्या सहवासात घालविलेल्या आमच्यासारख्या माणसास तर तो फारच ओळखीचा वाटला. एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर जाण्यास किती वर्षे लागू शकतात, हे आपल्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

प्रथम रोग म्हणजे काय, ते पाहू. १९०३ साली होखहाइम नावाच्या जर्मन वैद्याने जन्मानंतर लगेच दगावलेल्या अर्भकांची फुप्फुसे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. वायुकोशांच्या आतून काचेसारखा चकचकीत, एकजीव पापुद्रा बसलेला त्याला दिसला. पुढे ह्याच पापुद्र्यावरून रोगाला 'हायलीन मेंब्रेन डिसीझ' हे नाव मिळाले आणि तेथेच वैद्यकाची वाट चुकली. दिसतो तो पापुद्रा, म्हणून दोषी तोच, असे सर्वांनी धरले. मुलाने गर्भजल ओढून घेतले असावे, पोटातले दूध वर आले असावे, अशा अनेक कल्पना निघाल्या. पापुद्रा हा रोगाचे कारण नसून रोगाचा परिणाम आहे, हे कळावयास अर्धे शतक लोटले.

दरम्यान मुलांना ऊब देण्याचे प्रयत्न मात्र चालू होते. १८८० च्या सुमारास पॅरिसच्या तार्निए नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने कोंबडीची अंडी उबविण्याची पेटी पाहिली आणि तशीच एक पेटी अर्भकांसाठी करवून घेतली. पुढे मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने अशा पेट्यांतली जिवंत मुले प्रदर्शनात मांडली. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत, पाळणे आणि मिठाईची दुकाने ह्यांच्या शेजारी, तिकीट लावून त्याने १९४३ पर्यंत हा खेळ चालविला. ऐकताना अंगावर काटा येतो. पण ज्या काळी इस्पितळे अशा मुलांना हातही लावीत नसत, त्या काळी तिकिटाच्या पैशांवर ह्या माणसाने हजारो मुले वाचविली, हेही खरे. तथापि ऊब म्हणजे श्वास नव्हे. आजीची शेगडी काय आणि तार्निएची पेटी काय, मिटलेले फुप्फुस उघडणे दोहोंच्याही हाती नव्हते.

ते मिटते का, ह्याचे उत्तर साबणाच्या फुग्यात आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर एक ताण असतो. तो पृष्ठभागाला सतत आकसून घेऊ पाहतो. फुगा जितका लहान, तितका त्याच्या आत शिरणारा दाब मोठा. म्हणून एक लहान व एक मोठा फुगा नळीने जोडले, तर लहान फुगा आपली हवा मोठ्यात ओतून स्वतः मिटून जातो. आपल्या फुप्फुसांत असे कोट्यवधी इवले वायुकोश आहेत आणि ते सर्व आतून ओले आहेत. केवळ पाण्याचाच थर असता, तर दर उच्छ्वासाबरोबर ते मिटले असते आणि पुढचा प्रत्येक श्वास हा नव्याने घेतलेला पहिला श्वास ठरला असता. तसे होत नाही, कारण वायुकोशांच्या भिंतीतील काही पेशी एक स्निग्ध द्रव्य पाझरवितात. ते ओलाव्यावर पसरते व ताण कमी करते. ह्या द्रव्यास 'सरफॅक्टंट' म्हणतात. गर्भात ते पुरेशा प्रमाणात तयार होते ते साधारण चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्याच्या आसपास. त्याआधी जन्मलेल्या मुलाला प्रत्येक श्वासासाठी मिटलेले फुप्फुस पुन्हा उघडावे लागते आणि काही तासांतच ते थकून जाते.

ह्या ताणाचा शोध स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या कुर्ट फोन नीरगार्ड ह्या वैद्याने १९२९ साली लावला होता. त्याने डुकराची फुप्फुसे आधी हवेने फुगविली, मग द्रवाने भरली. द्रवाने भरताना फारच थोडा दाब लागला; कारण हवा व पाणी ह्यांच्यामधला पृष्ठभागच उरला नव्हता. फुप्फुसाच्या आकसण्याचा मोठा वाटा पृष्ठताणाचा आहे, हे त्याने सिद्ध केले. इतकेच नव्हे, तर नवजात मुलाच्या पहिल्या श्वासाच्या संदर्भात ह्या गोष्टीचा विचार झाला पाहिजे, अशी सूचनाही केली. निबंध जर्मन भाषेत छापला गेला. कोणी वाचला नाही, ज्यांनी वाचला त्यांनी वापरला नाही, आणि खुद्द नीरगार्डही ह्या विषयाकडे पुन्हा वळला नाही. आक्काच्या मुलाच्या जन्माआधी एकोणतीस वर्षे हा कागद दप्तरी दाखल झालेला होता.

उत्तर माहीत नसले तरी उपाय करण्याची घाई माणसास असतेच. मूल निळे पडते, तर प्राणवायू द्यावा. थोड्याने गुण येतो, तर भरपूर द्यावा. १९४० नंतरच्या दशकात हवाबंद पेट्या आल्या, प्राणवायू स्वस्त झाला, आणि उत्तमात उत्तम इस्पितळांतून तो सढळपणे दिला जाऊ लागला. १९४२ साली बॉस्टनच्या थिओडोर टेरी ह्या नेत्रवैद्याने अपुऱ्या दिवसांच्या मुलांत एका नव्या अंधत्वाची नोंद केली. मुले जगत होती, पण आंधळी होऊन. ज्या इस्पितळांत काळजी अधिक, तेथेच हे अंधत्व अधिक. म्हणून कारण कोणाच्या ध्यानी येईना. १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल ह्या बाईंनी प्राणवायूकडे बोट दाखविले. मग अमेरिकेत १८ इस्पितळांतील ७८६ मुलांवर रीतसर प्रयोग झाला आणि १९५४ मध्ये निकाल लागला: अंधत्वाला कारण सढळ प्राणवायूच. तोपर्यंत जगभर सुमारे १०,००० मुलांची दृष्टी गेली होती.

पण गोष्ट येथे संपत नाही. निकालानंतर प्राणवायूवर इतका कडक निर्बंध आला की, ज्यांना त्याची खरी गरज होती त्यांनाही तो मिळेनासा झाला. त्या प्रयोगात मुले घेतली होती ती जन्मानंतर ४८ तासांनी, म्हणजे पहिल्या दोन दिवसांत जी जावयाची ती गेल्यावर. त्यामुळे कमी प्राणवायूने कोण मरते हा प्रश्न त्या कागदात कोठे उमटलाच नव्हता. १९७३ साली क्रॉस ह्या इंग्रज बालवैद्याने अदमास बांधला की, अंधत्वापासून वाचलेल्या प्रत्येक मुलामागे सुमारे १६ मुले प्राणवायूवाचून दगावली असावीत. आकडा अदमासाचा आहे. पण परिपत्रकाचा अर्थ अक्षरशः लावला म्हणजे काय होते, ते समजण्यास पुरेसा आहे. आणि हे सर्व परदेशीचे म्हणून सोडून देण्याचेही कारण नाही. १९९६ साली मद्रासमधील सरकारी इस्पितळात जन्मलेल्या एका मुलीचे डोळे वेळीच तपासले गेले नाहीत व तिची दृष्टी गेली. त्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देवविली.

आता पुन्हा त्या द्रव्याकडे वळू. ते सापडले कोठे, तर युद्धखात्याच्या प्रयोगशाळांत. इंग्लंडमध्ये पोर्टन येथे विषारी वायूंचा अभ्यास चाले. अशा वायूंनी फुप्फुसात पाणी भरते व तोंडाला फेस येतो. रिचर्ड पॅटल ह्याचे काम त्या फेसावर होते. त्याच्या ध्यानात आले की, ह्या फेसाचे बुडबुडे इतर बुडबुड्यांसारखे मिटतच नाहीत. तासन्‌तास तसेच राहतात. १९५५ मध्ये त्याने लिहिले की, फुप्फुसाच्या अस्तरातच ताण जवळजवळ शून्यावर आणणारे काही द्रव्य असले पाहिजे. अटलांटिकपलीकडे, अमेरिकेच्या लष्कराच्या एजवुड येथील प्रयोगशाळेत जॉन क्लेमेंट्स हाही वायूंच्याच कामावर होता. त्याने एक साधा तराजू जुळवून फुप्फुसाच्या अर्काचा ताण प्रत्यक्ष मोजला व १९५७ मध्ये तो प्रसिद्ध केला. माणसे गुदमरून कशी मरतात ह्याचा शोध घेणाऱ्या दोघांना माणसे गुदमरत का नाहीत, ह्याचे उत्तर सापडले होते. मात्र दोघांपैकी कोणीही अर्भकांचा वैद्य नव्हता.

ही दोन टेबले जोडली ती मेरी एलन एव्हरी ह्या तरुण बाईंनी. १९५२ साली त्या डॉक्टर झाल्या आणि लगोलग क्षयाने आजारी पडल्या. अंथरुणावर पडून राहावे लागल्याने आपले लक्ष फुप्फुसांकडे वळले, असे त्या पुढे सांगत. बॉस्टनमध्ये संशोधन करीत असता त्यांनी क्लेमेंट्सचे काम वाचले आणि त्या त्याचा तराजू पाहावयास स्वतः एजवुडला गेल्या. दगावलेल्या मुलांची फुप्फुसे त्यांनी पाहिलेली होती: यकृतासारखी घट्ट, हवा नसलेली, आणि ज्यांत फेस म्हणून कधी नाही अशी. दुसऱ्या कारणांनी गेलेल्या मुलांच्या फुप्फुसांत मात्र फेस असे. आजवर सर्वजण त्या फुप्फुसांत काय जास्तीचे आहे ते पाहत होते, एव्हरीबाईंनी काय कमी आहे ते पाहिले. अर्क काढून तराजूवर मोजले, तेव्हा रोगी फुप्फुसांचा ताण भलताच जास्त निघाला. १९५९ साली जेरी मीड ह्यांच्यासह त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. इटारसीच्या त्या पावसाळ्यानंतर अवघ्या एका वर्षाने.

पण निदान हाती आले म्हणजे उपचार हाती आला, असे नव्हे. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांना मुलगा झाला. साडेपाच आठवडे आधी. वजन ४ पौंड साडेदहा औंस, म्हणजे सुमारे २.१ किलो. मूल रडले, आणि काही वेळातच कण्हू लागले. त्याला तातडीने बॉस्टनच्या मुलांच्या इस्पितळात हलविले. तेथे पाणबुड्यासाठी वापरतात तसल्या पोलादी खोलीत भारी दाबाचा प्राणवायू देऊन पाहिला. जगातल्या सर्वांत शक्तिमान राष्ट्राचा अध्यक्ष काचेपलीकडे उभा होता. ९ ऑगस्टच्या पहाटे, जन्मानंतर ३९ तासांनी, मुलगा गेला. वृत्तपत्रांतून ह्या रोगाचे नाव पहिल्यांदाच घरोघर पोचले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वडिलांनी ती बातमी मोठ्याने वाचली आणि अर्ध्यातच वर्तमानपत्र घडी करून ठेविले. आक्काच्या मुलाला जेवढे तास मिळाले, जवळजवळ तेवढेच त्या मुलाला मिळाले होते.

द्रव्य कमी आहे तर ते बाहेरून द्यावे, हे कोणासही सुचावे. सुचलेही. १९६० नंतर त्यातील मुख्य घटक फवाऱ्याने मुलांना देऊन पाहिला. क्लेमेंट्स त्यासाठी सिंगापूरपर्यंत जाऊन आला. उपयोग झाला नाही. नुसता एक घटक पुरत नाही, त्याला पसरविणारी प्रथिनेही लागतात, आणि फवारा मिटलेल्या कोशांपर्यंत पोचत नाही, हे मागाहून कळले. स्वीडनमध्ये एनहॉर्निंग व रॉबर्टसन ह्यांनी १९७२ मध्ये सशाच्या अपुऱ्या दिवसांच्या पिलांच्या श्वासनलिकेतच नैसर्गिक द्रव्य ओतले आणि पिलांची फुप्फुसे उघडली. जपानमध्ये अकिता येथील तेत्सुरो फुजिवारा ह्यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेले द्रव्य दहा अत्यवस्थ मुलांना दिले. १९८० साली ती हकीकत छापून आली. काही तासांत मुलांचा रंग पालटला, प्राणवायूची गरज उतरली. अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली ती १९९० मध्ये. नीरगार्डच्या निबंधापासून मोजले तर एकसष्ट वर्षे झाली.

मधल्या काळात एक उपाय असा निघाला की, तो वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. मूल कण्हते ते का? दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनच्या डॉक्टरांनी १९६८ मध्ये दाखविले की, कण्हणाऱ्या मुलाच्या श्वासनलिकेत नळी घालून त्याचे कण्हणे बंद केले, तर रक्तातला प्राणवायू उतरतो. मूल श्वास सोडताना कंठ अर्धवट मिटते आणि थोडी हवा आत अडवून ठेवते, म्हणजे वायुकोश पुरते मिटू नयेत. तोच तो हुंकार. सान फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी ह्या भूलतज्ज्ञाने हेच काम बाहेरून केले: मुलाच्या श्वासमार्गात सतत थोडा दाब राखला. १९७१ च्या त्याच्या निबंधातील २० मुलांपैकी १६ जगली. आज ह्याला 'सीपॅप' म्हणतात. त्याचा सर्वांत साधा प्रकार तर जिल्ह्याच्या इस्पितळातही पाहावयास मिळतो: नाकाशी बसविलेल्या नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात पाच-सहा सेंटिमीटर बुडवितात, बाटलीत बुडबुडे येत राहतात आणि मुलाचे फुप्फुस उघडे राहते. इटारसीच्या त्या खोलीत ज्या आवाजाला आम्ही सर्व वेदना समजत होतो, तो त्या मुलाने स्वतःच स्वतःवर चालविलेला उपचार होता. आक्काला आम्ही हे सांगितले नाही. सांगावे की नाही ह्याचा निर्णय होण्यापूर्वीच ती गेली.

राहिला तो सर्वांत स्वस्त उपाय आणि सर्वांत लांबलेली फाइल. न्यूझीलंडमधील ऑकलंडचा ग्रॅहम लिगिन्स हा मेंढ्यांवर प्रयोग करीत होता. प्रसूती सुरू कशी होते एवढाच त्याचा प्रश्न होता. गर्भाला स्टेरॉइड दिल्यास ती आधी सुरू होते, हे त्याने पाहिले. मेंढीचे दिवस सुमारे १४७. एक कोकरू त्याच्या महिनाभर आधी जन्मले. ते जिवंत असण्याचे काही कारणच नव्हते. तरी ते श्वास घेत होते, आणि मागाहून पाहिले तो त्याची फुप्फुसे काही अंशी उघडलेली आढळली. हे १९६९ चे वर्ष. बालवैद्य रॉस हाउई ह्याच्यासह लिगिन्सने लगेच मातांवर प्रयोग केला: अकाली प्रसूतीची चिन्हे दिसताच चोवीस तासांच्या अंतराने दोन इंजेक्शने. १९७२ मध्ये २८२ मातांचा निकाल छापला. इंजेक्शन न मिळालेल्या गटात जन्मानंतर लवकर दगावलेली मुले १५ टक्के, मिळालेल्या गटात ३.२ टक्के.

ह्यानंतर जगभर ते इंजेक्शन सुरू झाले असेल, असे वाचकांस वाटेल. झाले नाही. आणखी प्रयोग झाले. प्रत्येक लहान, प्रत्येक आपापल्या नियतकालिकात. एकेकटा पाहिला तर प्रत्येक संदिग्ध. सर्व एकत्र मांडले तर उत्तर स्वच्छ. ते एकत्र मांडण्याचे काम व्हावयास १९८९ उजाडले, आणि अमेरिकेतील अधिकृत शिफारस १९९४ मध्ये आली. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचे बोधचिन्ह म्हणजे ह्याच प्रयोगांचा आलेख आहे. चिन्ह सुबक आहे. पण ती बावीस वर्षे आठवली म्हणजे ते पाहवत नाही.

आपल्याकडे काय झाले? जून २०१४ मध्ये केंद्र सरकारने ह्या इंजेक्शनाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या व गावपातळीवरच्या परिचारिकांनाही ते देण्याची मुभा दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका मोठ्या प्रयोगाचा निकाल जाहीर झाला. जवळजवळ एक लाख जन्मांचा हा प्रयोग सहा देशांत चालला होता. भारतातली त्याची दोन केंद्रे म्हणजे नागपूर व बेळगाव. निकाल सर्वांना चक्रावणारा होता. गावोगाव इंजेक्शन पोचले, पण लहान मुलांचे मृत्यू घटले नाहीत. उलट एकंदर नवजात मृत्यू दर हजारी सुमारे साडेतीनने वाढले आणि मातांत संसर्गाची शंका अधिक दिसली. दिवस किती भरले आहेत ह्याचा अंदाज गावात अनेकदा चुके, त्यामुळे ज्यांची प्रसूती वेळेवर व्हावयाची अशा पुष्कळ जणींना औषध मिळाले. आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलाला नंतर लागणारी ऊब, दाब, शुश्रूषा मागे नव्हती. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील, नीट सोय असलेल्या इस्पितळांत, सोनोग्राफीने दिवस ठरवून २,८५२ मातांवर पुन्हा केलेल्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध केला. तेथे इंजेक्शनाने नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर उतरले. औषध तेच होते. आमच्या मते ह्या सबंध इतिहासात जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने टेबलावर ठेवावेत असे दोन कागद असतील, तर ते हे: २०१४ चा आणि २०२० चा, आणि दोन्ही एकत्र टाचलेले.

आणखी एक नोंद मागे राहिली. ३१ ऑक्टोबर १९६१ रोजी, म्हणजे केनेडींच्या मुलाच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, टेनेसीतील नॅशव्हिल येथे मिल्ड्रेड स्टालमन ह्या बाईंनी ह्याच रोगाने घुसमटणाऱ्या एका मुलीला लोखंडी फुप्फुसाच्या छोट्या यंत्रात ठेविले. कोणी खात्री दिली नव्हती. मुलीच्या वडिलांना तसे स्पष्ट सांगून परवानगी घेतली होती. यंत्राने काही दिवस तिचा श्वास चालविला, तोवर तिच्या फुप्फुसांत ते द्रव्य तयार झाले, आणि ती जगली. मोठेपणी ती परिचारिका झाली व त्याच इस्पितळातील नवजात मुलांच्या विभागात नोकरीस लागली.